सात चाळीसची भिवंडी

बदलापुरात माणसाची ओळख त्याच्या गाडीच्या वेळेवरून होते. लग्नाच्या मांडवात दोन अनोळखी पुरुष शेजारी बसले, की आडनावाच्या आधी विचारतात, कितीची गाडी? मी सहा अठ्ठावीसवाला. सकाळी सहा अठ्ठावीसला बदलापूरहून सुटणारी लोकल मी सव्वीस वर्षं पकडली, अगदी निवृत्तीच्या दिवसापर्यंत. ती एक नंबरवरून सुटायची. एक नंबर म्हणजे आमच्या बाजूचा फलाट. रिक्षातून उतरायचं, चार पावलं टाकायची आणि डब्यात. पूल नाही, जिना नाही. पलीकडून, कुळगावातून येणारे लोक जन्मभर पूल चढत आले होते, पण त्यांची आम्हाला कधी फिकीर वाटली नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या चार पावलांपायी झालं.

आमची एक प्रवासी संघटना होती. संघटना म्हणजे काय, तर सहा अठ्ठावीसच्या एका डब्यातली पंधरा-वीस डोकी, एक रबरी शिक्का, आणि सरचिटणीस म्हणून मी. माझं अक्षर बरं होतं आणि कचेरीत टिपणं लिहून लिहून सरकारी मराठी हाताला बसली होती. ‘सदर बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की’ हे मी झोपेतही लिहू शकलो असतो. फलाटावरचं छप्पर, बायकांसाठी स्वच्छतागृह, पुलावरचे दिवे, पाण्याचा नळ, सगळ्यांसाठी मी निवेदनं दिली. काही कामं झाली, काही झाली नाहीत. झालेल्या कामांचं श्रेय आम्ही घेतलं आणि न झालेल्यांचं खापर रेल्वेवर फोडलं. सगळ्याच संघटना असंच करतात, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

आता माझ्या भावजयीबद्दल. माझा धाकटा भाऊ अंबरनाथ पूर्वेला राहायचा. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे विहार आहे, त्याच्या मागच्या दोन खोल्यांत. आम्ही दोघं तिथेच वाढलो. वडील कारखान्यात होते. मी लग्नानंतर बदलापूरला फ्लॅट घेतला, भाऊ तिथेच राहिला आणि आईही त्याच्याकडे राहिली. भाऊ काविळीने गेला तेव्हा त्याची मुलगी आठवीत होती. आईने आता माझ्याकडे यावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ती आली नाही. सुनेला मी आणि मला सून, आम्ही दोघी एकमेकींना पुरे आहोत, असं तिने चारचौघांत सांगून टाकलं. रोज संध्याकाळी विहारात वंदना, पौर्णिमेला खीर, नळावर बायकांशी भांडण आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दारात चहा, हे सोडून माझ्याकडे लिफ्टने चौथ्या मजल्यावर जाऊन दार लावून बसायला ती तयार नव्हती. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. माझ्या बायकोचं आणि आईचं एका स्वयंपाकघरात कधी जमलं नव्हतं. आईचं दुखणंखुपणं, तिच्या गोळ्या, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं भावजयीने केलं. मी रविवारी केळी घेऊन जायचो आणि मुलगा असल्यासारखा खुर्चीवर बसायचो.

भावजय उल्हासनगरात एका सिंधी शेटच्या कापडदुकानात कामाला होती. ठाण उचलायचं, उलगडून दाखवायचं, गिऱ्हाईक गेलं की परत घडी घालायची, दिवसभर उभ्याने. शेट स्वभावाने बरा होता, सणाला साडी द्यायचा, पण पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, दवाखान्याचं कार्ड नाही. मग तिच्या ओळखीच्या एका बाईने भिवंडीच्या गोडाऊनमधली नोकरी सुचवली. लोक मोबाईलवर वस्तू मागवतात ना, त्या वस्तूंचं गोडाऊन. खोके तपासायचे, स्कॅनर मारायचा, चेकर म्हणून कायमची जागा, पीएफसकट. अट एकच. शिफ्ट सकाळी आठची, आठ दहाला गेट बंद. त्यानंतर आलात तर अर्धा दिवस गेला. तीनदा उशीर झाला की लेखी ताकीद.

नकाशावर अंबरनाथ आणि भिवंडी शेजारी शेजारी दिसतात. जायला निघा, मग कळतं. कल्याणला उतरा, बस नाहीतर शेअर रिक्षा धरा, आणि दुर्गाडीच्या पुलापासून पुढे ट्रकांच्या रांगेत देवाचं नाव घ्या. एखाद्या दिवशी तासात पोहोचाल, एखाद्या दिवशी अडीच तासांत. भिवंडीला रेल्वे स्टेशन आहे, पण तिकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या, आणि आमच्या बाजूने थेट एकही नाही. म्हणून भावजय नोकरी घ्यावी की नाही, या विचारात होती.

आणि नेमकं त्याच सुमारास आमचं नशीब फळफळलं. बदलापूरहून भिवंडीकडे थेट गाडी सुरू करा, ही मागणी आमच्या प्रत्येक निवेदनात सातव्या क्रमांकावर असायची. ती तिथे का होती ते सांगतो. आमच्यापैकी कुणालाही भिवंडीला जायचं नव्हतं. यादी भरलेली दिसावी म्हणून मी ती घातली होती, आणि पुढच्या प्रत्येक निवेदनात जुन्यावरून नवं उतरवताना ती आपोआप येत गेली. पहिल्या सहा मागण्यांवर काही उत्तर नव्हतं. सातवी मान्य झाली. तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर एक गाडी सकाळी बदलापूरहून अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, कोपर करत भिवंडीला जाणार आणि संध्याकाळी परत येणार. प्रवासी मिळाले तर ती कायम होणार होती. पत्र वाचून आम्ही डब्यात पेढे वाटले.

त्या रविवारी मी केळ्यांबरोबर पेढेही घेऊन अंबरनाथला गेलो. आईसमोर, मुलीसमोर, सगळ्यांसमोर मी भावजयीला म्हणालो, “घेऊन टाक ती नोकरी. ही गाडी तुझ्यासाठीच आणतोय असं समज.” आईने शेजारणीला हाक मारून सांगितलं, की माझ्या थोरल्याने रेल्वे आणली. मी नको नको म्हणालो आणि खूश झालो. भावजयीने मला शिफ्टची वेळ सांगितली, गेट कधी बंद होतं ते सांगितलं, स्टेशनपासून गोडाऊनपर्यंत रिक्षाला किती वेळ लागतो तेही तिने एका सुट्टीच्या दिवशी जाऊन बघितलं होतं. साडेसातच्या आत भिवंडीला उतरले तर चिंता नाही, असं ती म्हणाली. मी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात तिने शेटला राजीनामा दिला.

त्यानंतर रेल्वेकडून दुसरं पत्र आलं. गाडीला दोन वेळा मोकळ्या मिळत होत्या, त्यांपैकी कोणती प्रवाशांच्या सोयीची ते संघटनेने कळवावं. पहिली वेळ सकाळी सहा वीस. दुसरी सात चाळीस. सहा वीसची निवडली तर ती गाडी एक नंबरवरून सुटणार, आणि मागोमाग आठ मिनिटांत आमची सहा अठ्ठावीस तिथे लावता येणार नाही, म्हणून आमची गाडी पलीकडच्या फलाटावर जाणार, असं त्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं.

आम्ही एका सभासदाच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बसलो. चहा झाला, वेफर्स झाले. आपली गाडी पलीकडे जाणार म्हणताच सगळ्यांचे चेहरे पडले. एकाचे गुडघे दुखत होते, एकाला दम लागायचा, एकाचा रिक्षावाला ठरलेला होता आणि तो एक नंबरच्या दारातच सोडायचा. रोज पूल चढायचा, भरलेल्या जिन्यावरून, तेही भिवंडीला जाणाऱ्या कुणासाठी? कुणीतरी असंही म्हणालं, की सात चाळीस हीच खरी ऑफिसची वेळ आहे, या वेळेला माणसं जास्त मिळतील. आम्ही सगळे ऑफिसवाले. नऊला कचेरी उघडते, हेच आमचं घड्याळ. जगात कुणी आठला कामावर हजर होतं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

त्यांच्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात होतं. सात चाळीसची गाडी भिवंडीला पावणेनऊला पोहोचेल, हे मला गच्चीवर बसल्या बसल्या कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, माझी भावजय या गाडीने जाणार आहे, तिला आठला पोहोचायचं आहे. नाही बोललो. घरचं माणूस मध्ये आणलं तर लोक म्हणतील सरचिटणीस स्वतःची सोय बघतो, असं मी मनाला सांगितलं. किती शहाणपणाचं वाटलं होतं ते तेव्हा! खरी गोष्ट अशी, की मलाही पूल चढायचा नव्हता. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि मला माझी चार पावलं हवी होती. नंतर जमवून घेता येईल, एकदा गाडी सुरू झाली की वेळ अलीकडे आणायची मागणी करू, असंही मनात आलं. त्याच रात्री मी उत्तर लिहिलं, ‘बहुसंख्य प्रवाशांच्या सोयीचा विचार करता सकाळी सात चाळीस ही वेळ सर्वार्थाने योग्य राहील.’ सर्वार्थाने. अक्षर सुरेख आलं होतं.

पहिल्या दिवशी गाडीला हार घातला, नारळ फोडला, मोटरमनला गुच्छ दिला. बॅनरवर आमचे सगळ्यांचे फोटो होते, माझा खालच्या ओळीत डावीकडून दुसरा. गंमत अशी, की त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी लेटमार्क पत्करून आपली गाडी सोडली, नव्या गाडीत बसलो, घोषणा दिल्या, फोटो काढले, आणि कल्याणला उतरून मुंबईची गाडी पकडली. पुढे भिवंडीपर्यंत आमच्यातलं कुणी गेलंच नाही. मी तर अंबरनाथलाच दारात उभं राहून भावजयीला हात केला. ती फलाटावर इस्त्रीच्या ड्रेसमध्ये, गळ्यात नवं ओळखपत्र घालून उभी होती. तिला वेळ कळली होती, पण पहिल्या दिवसापुरती गोडाऊनमध्ये तिने परवानगी काढली होती. दादांनी आणलेल्या गाडीने पहिल्या दिवशी गेलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

तिने तो अख्खा आठवडा त्याच गाडीने जाऊन बघितला. गाडी वेळेवर असायची, बसायला जागा, खिडकीला वारा. पण आठ दहाचं गेट. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. अंबरनाथ आणि उल्हासनगरातल्या आणखी चार-पाच बायकांना तिनेच या गाडीने यायला सांगितलं होतं, त्यांचाही अर्धा दिवस गेला, आणि त्या तिलाच बोलल्या. आठवडा संपायच्या आत तिला लेखी ताकीद मिळाली. रविवारी मी गेलो तेव्हा तिने ते पत्र दाखवलं नाही, मुलीने दाखवलं. भावजय नेहमीच्या आवाजात म्हणाली, “दादा, गाडी चांगली आहे हो. फक्त जरा लवकर असती तर.”

तेव्हा सांगता आलं असतं. मी कपाळाला आठ्या घालून म्हणालो, “रेल्वे ऐकत नाही गं. आम्ही पुष्कळ सांगून बघितलं.” आई लगेच म्हणाली, की याने तरी किती करायचं. भावजयीनेही मान हलवली. तिला खरंच वाटलं, की मी तिच्यासाठी भांडलो. त्या दिवशी तिने मला जेवून जायचा आग्रह केला आणि मी पोटभर जेवलो.

गाडी मात्र रिकामी धावत होती. अहो, सकाळच्या वेळी आमच्या लाईनवर रिकामी गाडी! फलाटावरचे लोक तिच्याकडे असे बघायचे, जसं मांडवात चुकून शिरलेल्या पाहुण्याकडे बघतात. मला काळजी वाटायला लागली, खोटं कशाला बोलू, भावजयीपेक्षा संघटनेच्या नाकाची जास्त. मी एक पत्रक काढलं, ‘थेट भिवंडी, धक्का नाही, धूळ नाही’, आणि ते वाटायला उल्हासनगरच्या बाजारात गेलो. तिच्या जुन्या शेटच्या दुकानातही गेलो. तो म्हातारा गादीवर बसून चष्मा वर करून पत्रक वाचत होता. वेळेवर त्याने बोट ठेवलं आणि विचारलं, ही वेळ कुणी काढली. मी म्हटलं, रेल्वेने. तो हसला आणि म्हणाला, “साईं, दुकान कितने बजे खोलना है, वो ग्राहक से पूछते हैं.” मग त्याने मला चहा पाजला, भावजय कशी आहे ते विचारलं, आणि तिची जागा अजून भरलेली नाही हेही सांगितलं. मी तो निरोप तिला दिला नाही. दिला असता तर कदाचित ती परत गेली असती. का दिला नाही, याचं उत्तर माझ्याजवळ एकच आहे. तिने परत जाणं म्हणजे माझी गाडी फसली हे कबूल करणं होतं.

प्रयोगाचा शेवटचा महिना आला तेव्हा आमच्या डोक्यातून आणखी एक अक्कल निघाली. सभासदांनी रोज भिवंडीची तिकिटं काढायची, म्हणजे खपाचा आकडा वाढेल. आम्ही रांगेत उभे राहून तिकिटं काढायचो, खिशात टाकायचो आणि आपल्या सहा अठ्ठावीसने भायखळ्याला, मशीदला, जिथे तिथे जायचो. खिडकीवरचा कारकून पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी त्याने विचारलंच, की तुम्ही सगळे दोन गाड्यांनी जाता का? मग एक दिवस रेल्वेची माणसं गाडीत चढून डोकी मोजायला लागली. डब्यात माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गाडी भरावी म्हणून आम्ही एवढं केलं, पण वेळ बदलून मागायचं पत्र मी शेवटपर्यंत लिहिलं नाही. कारण सहा वीस मागितली असती तर रेल्वेत कुणीतरी फाइल उघडून दाखवलं असतं, की हीच वेळ तर तुम्हाला देत होतो. तीन महिने संपले आणि अपेक्षित प्रतिसादाअभावी सदर सेवा बंद, अशी सूचना फलाटावर लागली. मला त्या भाषेत खोट काढता आली नाही. मीही असंच लिहिलं असतं.

भावजय त्या ताकिदीनंतरच रस्त्याने जायला लागली होती. पहाटे उठून पाणी भरायची, डबा करायची, साडेपाचला घर सोडायची आणि रात्री साडेआठ-नऊला परत यायची. आई दिवसभर एकटी. मुलगी तोवर कॉलेजात गेली होती, तीही दुपारपर्यंत बाहेर. विहारातल्या बायका आईला बघायच्या, पण बघून बघून किती बघणार? पावसाळ्यात दुर्गाडीजवळ पाणी भरलं की भावजय रस्त्यातच अडकायची, आणि आई उंबऱ्यावर बसून राहायची. एकदा आईने गोळ्या दोनदा घेतल्या. एकदा घेतल्याच नाहीत. मी रविवारी जायचो आणि आता केळ्यांबरोबर डाळिंबं न्यायचो.

वर्षभर असं काढल्यावर भावजयीने ठरवलं. गोडाऊनजवळ एक खोली मिळत होती, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या कॉलेजात मुलीला प्रवेशही मिळत होता. अंबरनाथच्या खोल्या भाड्याने द्यायच्या. आणि आई? आई दोन जिने चढून नव्या गावात, जिथे विहार जवळ नाही, ओळखीचं कुणी नाही, दिवसभर बंद खोलीत कशी राहणार. तेव्हा आई माझ्याकडे. भावजयीने हे मला फोनवर सांगितलं, आणि सांगता सांगता ती रडली. इतक्या वर्षांत, भाऊ गेला ती वेळ सोडली तर, मी तिला रडताना ऐकलं नव्हतं. माझी बायको हो म्हणाली, चांगल्या मनाने म्हणाली. मला मात्र त्या आठवड्यात जेवण गेलं नाही.

खोल्या सोडायच्या दिवशी मी सकाळीच गेलो. टेम्पो यायचा होता. भांडी खोक्यांत भरून झाली होती. भिंतीवरून बाबासाहेबांची आणि बुद्धाची अशा दोन तसबिरी आईने स्वतः उतरवल्या, पदराने पुसल्या आणि मांडीवर घेऊन ती खाटेवर बसली. बाबासाहेब कुणाकडे जाणार आणि बुद्ध कुणाकडे, हे अजून ठरायचं होतं. नळावरच्या बायका येऊन जय भीम करून जात होत्या. भावजय मला आईच्या गोळ्या समजावत होती. सकाळची पांढरी जेवणाआधी, रात्रीची गुलाबी जेवणानंतर, शुक्रवारी जास्तीची एक. तिने सगळं वहीच्या कागदावर लिहून दिलं होतं, माझ्यापेक्षा कितीतरी साध्या मराठीत. तो कागद हातात घेतल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. तो टेम्पो यायच्या आत बोललो नसतो तर कधीच बोललो नसतो.

मी म्हणालो, “ती वेळ रेल्वेने नाही काढली. मी काढली.”

तिला आधी कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतोय. मग मी सगळं सांगितलं. दोन वेळा दिल्या होत्या. एक सहा वीसची होती. ती घेतली असती तर आमची गाडी पलीकडच्या फलाटावर गेली असती आणि आम्हाला पूल चढावा लागला असता. तू मला गेटची वेळ सांगितली होतीस, ती माझ्या लक्षात होती, आणि तरी मी सात चाळीस लिहिलं. हे सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो, गोळ्यांच्या डब्याकडे बघत होतो. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडायला हवं होतं तिने, मला बरं वाटलं असतं.

तिने गोळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, “सहा वीसला तर मी रोज मोकळीच असायचे, दादा. पाणी भरून, आईंना चहा देऊन.”

एवढंच. मी चुकलं माझं असं म्हणालो, पण ते मलाच ऐकू आलं असेल. ती उठून आत गेली आणि खोक्याला सुतळी बांधायला लागली.

आई खाटेवरून सगळं ऐकत होती. तिला कमी ऐकू येतं असं आम्ही धरून चाललो होतो. तिने मला विचारलं, “तिला इचारलं न्हाईस?”

मी नाही म्हणालो. आईने मान वळवली. मांडीवरच्या दोन्ही तसबिरी तिने सुनेकडे सरकवल्या आणि तिला म्हणाली, “मला बी तुझ्याबरूबर ने. जिना असला तर असू दे. चढंन मी.”

भावजय हातातली सुतळी टाकून तिच्यापाशी येऊन बसली. तिने आईचा हात धरला. तिथे दिवसभर तुमच्याजवळ कोण आहे, आई, असं ती म्हणाली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

दुपारी आई माझ्याबरोबर बदलापूरला आली. जायला दुसरी जागा मी तिला ठेवली नव्हती.